ऑन्टारियोची एअर अ‍ॅम्ब्युलन्स: पैसा जनतेचा, हिशोब कोणाकडे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात हवाई रुग्णवाहिका सेवा जवळजवळ पूर्णपणे करदात्यांच्या पैशावर चालते. ती चालवणाऱ्या 'ऑर्न्ज' या संस्थेचं नाव २०११-१२ मध्ये तिथल्या प्रत्येक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होतं, आणि ते काही चांगल्या कारणाने नव्हतं. भारतातही आता सरकारी पैशातून हेली-अ‍ॅम्ब्युलन्स उडू लागल्या आहेत, त्यामुळे हे जुनं प्रकरण पुन्हा वाचण्यासारखं झालं आहे. टोरोंटो, ब्रॅम्प्टन, मिसिसागा भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे काही रोजचे प्रश्नही खाली घेतले आहेत.

ऑर्न्ज म्हणजे सरकारी खातं, ट्रस्ट की कंपनी?

कागदोपत्री ती ना-नफा संस्था आहे. ऑन्टारियोत हवाई रुग्णवाहिका १९७७ मध्ये टोरोंटोतल्या एका हेलिकॉप्टरने सुरू झाली. पुढची जवळजवळ तीन दशकं प्रांताचं आरोग्य मंत्रालय खाजगी विमान कंपन्यांशी करार करून ती चालवत होतं. डिस्पॅच (फोन घेऊन विमान पाठवण्याचं काम) एकाकडे, विमानं दुसऱ्याकडे, वैद्यकीय देखरेख तिसऱ्याकडे, असा कारभार होता. २००५ मध्ये सरकारने हे सगळं एका छताखाली आणायचं ठरवलं आणि त्यासाठी स्वतंत्र ना-नफा संस्था नेमली. २००६ मध्ये तिचं नाव 'ऑर्न्ज' झालं. तिची हेलिकॉप्टरं आणि विमानं नारिंगी रंगाची असतात.

कल्पना वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. एकाच संस्थेने फोन घ्यायचा, विमान पाठवायचं आणि पॅरामेडिकही (विमानात रुग्णावर उपचार करणारा प्रशिक्षित कर्मचारी) तिचाच, यात रुग्णाचा फायदाच आहे. गडबड झाली ती सरकार आणि संस्था यांच्यातल्या करारात.

एवढी महागडी सेवा सरकारने का चालवायची? ज्याला परवडेल तो विमान मागवेल.

नकाशा पाहा. ऑन्टारियोचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जवळपास साडेतीन पट आहे, आणि लोकवस्ती मात्र दक्षिणेच्या चिंचोळ्या पट्ट्यात दाटलेली. उत्तरेत कित्येक आदिवासी (फर्स्ट नेशन्स) वस्त्यांपर्यंत बारमाही रस्ताच जात नाही. हिवाळ्यात गोठलेल्या नद्या-तळ्यांवरून बर्फाचा रस्ता तयार होतो, एरवी विमान. गावात दवाखाना म्हणजे नर्सिंग स्टेशन. जेम्स बेजवळच्या मूसोनीला आजही दक्षिणेकडून रस्ता नाही, रेल्वे आहे. अशा ठिकाणी प्रसूतीत गुंतागुंत झाली किंवा हृदयविकाराचा झटका आला, तर विमान हाच रस्ता. ही चैन नाही, इतरांना जसा हमरस्ता तशी ही सोय आहे.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. लोकांच्या डोळ्यासमोर अपघातस्थळी उतरणारं हेलिकॉप्टर असतं. प्रत्यक्षात बहुतेक फेऱ्या एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात रुग्ण नेण्याच्या असतात. छोट्या गावचा डॉक्टर 'क्रिटिकॉल' या डॉक्टरांसाठीच्या फोनसेवेवरून मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञाशी बोलतो, खाट ठरते आणि मग ऑर्न्जला निरोप जातो. वर्षाला सुमारे २०,००० रुग्ण अशा रीतीने हलवले जातात. त्यातल्या स्थिर प्रकृतीच्या बऱ्याच रुग्णांना कराराने बांधलेल्या खाजगी कंपन्यांची विमानं नेतात.

पैसा नेमका कसा येतो?

आरोग्य मंत्रालय दरवर्षी अनुदान देतं. २०१२ च्या सुमारास ही रक्कम वर्षाला साधारण १५ कोटी कॅनेडियन डॉलर होती. (या लेखात डॉलर म्हणजे कॅनेडियन डॉलर.) बदल्यात संस्थेने काय करायचं, हे 'परफॉर्मन्स अ‍ॅग्रीमेंट' नावाच्या करारात लिहिलेलं असतं.

इथे थोडं थांबू. अनुदान ठोक मिळत होतं, दर रुग्णामागे नाही. याला कारण आहे. हेलिकॉप्टर उडो न उडो, पायलट, पॅरामेडिक, इंजिनिअर चोवीस तास तळावर हजर लागतात. अग्निशमन दलाला आपण आगीमागे पैसे देत नाही, तसंच हे. पण ठोक पैसे देणाऱ्याने किती फेऱ्या झाल्या, किती रद्द झाल्या, प्रत्येकीला किती खर्च आला, हे दुप्पट काटेकोरपणे विचारायचं असतं. तेच झालं नाही.

२०१२ चं प्रकरण थोडक्यात सांगाल का?

थोडक्यात सांगणं अवघड आहे, पण प्रयत्न करतो.

डिसेंबर २०११ मध्ये 'टोरोंटो स्टार'ने ऑर्न्जचे संस्थापक प्रमुख डॉ. ख्रिस माझा यांचं वेतन वर्षाला १४ लाख डॉलर असल्याची बातमी दिली. पाठोपाठ एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. मार्च २०१२ मध्ये प्रांताचे महालेखापरीक्षक जिम मॅकार्टर यांचा विशेष अहवाल आला. भारतात जे स्थान 'कॅग'चं, तेच तिथे या पदाचं. अहवालातल्या मुख्य गोष्टी अशा:

पाच वर्षांत मंत्रालयाने ऑर्न्जला सुमारे ७३ कोटी डॉलर दिले. २००६-०७ ते २०१०-११ या काळात हवाई सेवेचं अनुदान २० टक्क्यांहून जास्त वाढलं आणि हवाई मार्गाने नेलेल्या रुग्णांची संख्या मात्र ६ टक्क्यांनी घटली. पाटीवर गणित करून पाहा: शंभराचे एकशे वीस झाले आणि रुग्ण शंभराचे चौऱ्याण्णव, म्हणजे दर रुग्णामागचं अनुदान २७-२८ टक्क्यांनी चढलं. महागाई वजा केली तरी उरतंच.

रस्त्यावरून रुग्ण हलवण्यासाठी ६.५ कोटी डॉलर वेगळे मिळाले होते. अंदाज होता वर्षाला २०,००० फेऱ्यांचा. प्रत्यक्षात त्याच्या साधारण १५ टक्केच झाल्या. तीन हजार!

संस्थेने आणि तिच्या उपकंपन्यांनी जवळपास ३० कोटी डॉलरचं कर्ज उचललं होतं. त्यातून १२ नवी हेलिकॉप्टरं, १० नवी विमानं आणि मुख्यालयाची इमारत घेतली.

इमारतीचा किस्सा तर मुळातून वाचण्यासारखा आहे. ती १.५ कोटी डॉलरला घेतली, मग संस्थेच्याच एका उपकंपनीने ती ऑर्न्जला भाड्याने दिली, तीही बाजारभावापेक्षा ४० टक्के चढ्या भाड्याने. भाडं जास्त म्हणजे कागदावर इमारत जास्त मोलाची, आणि मोल जास्त म्हणजे कर्जही जास्त. अशा रीतीने त्या इमारतीवर २.४ कोटी उभे केले गेले. भाडं भरत होतं कोण? ज्याला अनुदान मिळतं ती संस्था. म्हणजे फिरून करदाताच.

हेलिकॉप्टरं इटलीच्या ऑगस्टावेस्टलँडकडून घेतली होती. त्याच कंपनीने ऑर्न्जशी संबंधित नफ्याच्या कंपनीला 'मार्केटिंग सेवां'साठी सुमारे ६७ लाख डॉलर द्यायचं ठरवलं. ज्याच्याकडून माल घ्यायचा, त्यालाच आपण सेवा विकायची! प्रकरण प्रांताच्या पोलिसांकडे गेलं आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये चौकशी सुरू झाली. डॉ. माझा यांना त्याच महिन्यात काढून टाकण्यात आलं.

याशिवाय मुख्यालयाच्या लॉबीत 'ऑरेंज काउंटी चॉपर्स'ची खास बनवून घेतलेली मोटरसायकल ठेवलेली होती. पैशाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ, पण लोकांच्या लक्षात तीच राहिली.

सरकारला हे कळलं कसं नाही?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. पगार आणि मोटरसायकल यांवर चिडणं सोपं असतं.

सरकारचा करार होता फक्त मूळ ना-नफा संस्थेशी. तिच्याखाली आणि तिच्या शेजारी मात्र कंपन्यांचं जाळं विणलं गेलं. काही ना-नफा, काही नफ्यासाठीच्या. त्यातल्या काही कंपन्यांत ऑर्न्जचेच वरिष्ठ अधिकारी आणि संचालक लाभधारक होते. मूळ संस्थेपर्यंत आलेला सरकारी पैसा भाडं, सेवाशुल्क, करार अशा वाटांनी पुढे झिरपत गेला. सरकारचा तपासण्याचा अधिकार मात्र पहिल्याच दारात थांबला. महालेखापरीक्षकांच्या लोकांनाही यातल्या बऱ्याच कंपन्यांची कागदपत्रं पाहू दिली गेली नाहीत. करारात तशी तरतूदच नाही, हे त्यामागचं उत्तर.

आरोग्यमंत्री डेब मॅथ्यूज यांचंही म्हणणं होतं की जुन्या कराराने आमचे हात बांधलेले होते. विरोधकांना ते पटलं नाही, आणि त्यांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा होता. जानेवारी २०११ मध्येच ऑर्न्जच्या वकिलांनी सरकारला लांबलचक पत्र लिहून नफ्याच्या कंपन्यांचा हा सगळा आराखडा कळवला होता. म्हणजे वर्तमानपत्रात बातमी येण्याआधी जवळपास वर्षभर कागद मंत्रालयात पडून होता. लपवाछपवी झाली असं म्हणावं तर पत्र आहे, आणि उघड होतं म्हणावं तर वर्षभर कोणी काही विचारलं नाही. फाइल आली की 'पाहिली' असा शेरा मारून पुढे सरकवायची पद्धत फक्त आपल्याकडेच आहे, असं समजायचं कारण नाही.

दुसरी त्रुटी मंत्रालयाने मागवलेल्या माहितीत होती. खर्चाचे ताळेबंद येत होते. पण एका रुग्णाच्या फेरीला किती खर्च येतो, किती फेऱ्या रद्द होतात, ठरलेल्या पातळीचा पॅरामेडिक प्रत्येक वेळी विमानात असतो का, ही माहिती नियमित येत नव्हती. ताळेबंद जुळतो याचा अर्थ काम झालं असा होत नाही.

मोठे पगार जाहीर करण्याचा कायदा ऑन्टारियोत आहे ना? मग १४ लाखांचा आकडा दिसला कसा नाही?

कायदा आहे, १९९६ पासून. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेत वर्षाला १ लाख डॉलर किंवा त्याहून जास्त मिळवणाऱ्याचं नाव दर मार्चअखेर जाहीर होतं. लोक तिला 'सनशाइन लिस्ट' म्हणतात. डॉ. माझा यांचं नावही पूर्वी त्या यादीत होतं, नंतर नाहीसं झालं. त्यांचं वेतन नफ्याच्या कंपनीकडून जात असल्याने तो कायदा लागू होत नाही, अशी संस्थेची भूमिका होती. शिवाय त्यांना एकूण सुमारे १२ लाख डॉलरची कर्जंही दिली गेली होती. थोडक्यात, मागच्या प्रश्नातलीच खिंड इथेही वापरली गेली.

हेलिकॉप्टरमध्ये सीपीआर देता येत नव्हता, हे खरं?

खरं आहे. नव्या एडब्ल्यू-१३९ हेलिकॉप्टरांमधली वैद्यकीय मांडणी अशी होती की स्ट्रेचर वर उचलल्यावर पॅरामेडिकला छातीवर दाब देण्यापुरती जागाच राहत नव्हती. पॅरामेडिक तक्रार करत होते. अखेर तात्पुरती सुधारणा करून घ्यावी लागली आणि पुढे आतली मांडणी बदलली. कोट्यवधींची खरेदी करताना ज्याला त्यात बसून काम करायचं आहे त्याला विचारलं गेलं नाही, की विचारूनही ऐकलं नाही, देव जाणे.

नंतर काय बदललं?

मार्च २०१२ मध्येच करार बदलण्यात आला आणि मंत्रालयाचे तपासणीचे अधिकार वाढवले गेले. संचालक मंडळ नवं आलं, नफ्याच्या कंपन्या गुंडाळल्या गेल्या. विधिमंडळाच्या लोकलेखा समितीने लांबलचक सुनावण्या घेतल्या. कायद्याला मात्र वेळ लागला. पहिलं विधेयक २०१२ मध्ये अधिवेशन संस्थगित झाल्याने बारगळलं, आणि अखेर डिसेंबर २०१४ मध्ये व्यापक उत्तरदायित्व कायद्याचा भाग म्हणून त्या तरतुदी मंजूर झाल्या. आता सरकार विशेष तपासनीस नेमू शकतं, गरज पडल्यास कारभार हाती घ्यायला पर्यवेक्षक नेमू शकतं, करारात स्वतःहून बदल करू शकतं. गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण आहे. ऑर्न्ज माहिती अधिकाराच्या कक्षेत आहे आणि वार्षिक अहवाल व गुणवत्ता सुधारणा आराखडा प्रसिद्ध करते.

आर्थिक शिस्त आली म्हणजे सेवा सुरक्षित झाली का?

नाही. ३१ मे २०१३ रोजी मध्यरात्रीनंतर ऑर्न्जचं एक जुनं सिकॉर्स्की एस-७६ हेलिकॉप्टर मूसोनीहून रुग्ण आणायला अट्टावापिस्कट या उत्तरेतल्या वस्तीकडे निघालं आणि उड्डाणानंतर लगेचच काळोख्या जंगलात कोसळलं. दोन पायलट आणि दोन पॅरामेडिक असे चौघेही गेले.

कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने जून २०१६ मध्ये अहवाल दिला. त्यात १४ शिफारशी होत्या. खाली एकही दिवा नसलेल्या भागात रात्री उडण्यासाठी लागणारी तयारी वैमानिकांची करून घेतलेली नव्हती, कंपनीची यंत्रणा तोकडी होती, आणि केंद्राच्या ट्रान्सपोर्ट कॅनडाला त्रुटी दिसत असूनही देखरेख परिणामकारक झाली नाही, असं त्यात म्हटलं आहे. रात्री दिसण्यासाठीचे नाइट व्हिजन गॉगल्स वैमानिकांकडे नव्हते. ते न दिल्याबद्दल कामगार कायद्याखाली खटला झाला, पण नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने संस्थेला निर्दोष ठरवलं. गॉगल्स ऑर्न्जने पुढे घेतले.

हे इथे सांगायचं कारण असं की पैशाचा हिशोब प्रांताकडे जातो आणि उड्डाणसुरक्षेचा केंद्राकडे. २०१३ मध्ये सगळ्यांचं लक्ष पहिल्या हिशोबावर खिळलेलं होतं.

वार्षिक अहवाल हातात आला तर आधी काय पाहावं?

मी फोटो आणि अध्यक्षांचं मनोगत सोडून थेट फेऱ्यांच्या आकड्यांवर जातो. हेलिकॉप्टर, विमान आणि रस्त्यावरची गाडी यांचे आकडे वेगळे दिले आहेत का ते पाहायचं. सगळे मिळून 'एकूण रुग्ण' असा एकच आकडा असेल, तर त्याखाली काहीही दडू शकतं.

मग वेळ. 'सरासरी प्रतिसाद १५ मिनिटं' असं वाचलं की घड्याळ कधी सुरू केलं ते शोधायचं. डॉक्टरने फोन केला तेव्हा, फेरी मंजूर झाली तेव्हा, की पायलटने होकार दिला तेव्हा? घड्याळ उशिरा सुरू केलं की कोणतीही सेवा चपळ दिसते. सरासरीही फसवी असते. दहापैकी किती फेऱ्या ठरलेल्या वेळेत निघाल्या, हे सांगणारा आकडा जास्त प्रामाणिक.

न झालेल्या फेऱ्या तर सर्वात बोलक्या. हवामानामुळे किती नाकारल्या, विमान दुरुस्तीत असल्याने किती, माणूस नसल्याने किती? हवामान कोणाच्या हातात नाही, बाकीच्या दोन गोष्टी आहेत. पॅरामेडिकचे प्राथमिक, प्रगत आणि क्रिटिकल केअर असे तीन स्तर असतात. ज्या तळावर क्रिटिकल केअरचं पथक असायला हवं तिथे ते वर्षातले किती दिवस होतं, हा आकडा मिळाला तर अहवाल ठेवून घ्यावा.

शेवटी हिशोबाच्या टिपांमधले 'संबंधित पक्षांशी व्यवहार', म्हणजे संस्थेने आपल्याच अधिकाऱ्यांशी किंवा उपकंपन्यांशी केलेले व्यवहार, वाचायचे. ते अगदी बारीक अक्षरात असतात.

इतर देशांत कशी पद्धत आहे?

तऱ्हा बऱ्याच आहेत. नॉर्वेत ही सेवा सार्वजनिक आरोग्य यंत्रणेचाच भाग आहे. इंग्लंडमध्ये हेलिकॉप्टरं प्रामुख्याने धर्मादाय संस्था लोकवर्गणीतून चालवतात, तर स्कॉटलंडमध्ये सरकारी पैशावरची सेवा आहे आणि २०१३ पासून जोडीला धर्मादाय हेलिकॉप्टर सेवाही. स्वित्झर्लंडची 'रेगा' १९५२ पासूनची, लाखो वर्गणीदारांवर उभी. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला देणगीदाराचा धाक असतो. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेला तो नसतो, म्हणून तिथे लेखापरीक्षकाचा धाक लागतो.

भारतात आणि महाराष्ट्रात काय परिस्थिती आहे?

आपल्याकडे एअर अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे अजून बहुतांशी खाजगी चार्टर. लाखांत बिल, आगाऊ पैसे. सरकारी पैशातून चालणारी उदाहरणं ताजी आहेत. मध्य प्रदेशने २०२४ मध्ये 'पीएम श्री एअर अ‍ॅम्ब्युलन्स' सुरू केली, आयुष्मान कार्डधारकाला ती मोफत आहे. ऋषिकेशच्या एम्समधून 'संजीवनी' हेली-अ‍ॅम्ब्युलन्सचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झालं. १७ मे २०२५ रोजी तिचं हेलिकॉप्टर केदारनाथला उतरताना आदळून शेपटीकडून मोडलं, सुदैवाने आतले सगळे वाचले.

महाराष्ट्रात २०१४ पासून '१०८' ही रस्त्यावरची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, तीही खाजगी कंपनीशी भागीदारीत. म्हणजे सरकारी पैसा, खाजगी चालक आणि मध्ये एक करार, हा साचा आपल्याला नवा नाही. गडचिरोलीच्या भामरागडला किंवा नंदुरबारच्या धडगावला उद्या हेलिकॉप्टर मिळालं तर आनंदच आहे, पावसाळ्यात तिथल्या लोकांचे हाल कोणाला माहीत नाहीत? पण निविदा निघेल त्या दिवशी विचारायला हवं: चालवणाऱ्या कंपनीच्या उपकंपन्यांचे हिशोब कॅगला पाहता येतील का, आणि रद्द झालेल्या फेऱ्या कारणासह दर महिन्याला जाहीर होतील का? करारावर सह्या झाल्यावर हे विचारून उपयोग नसतो, ऑन्टारियोला ते दुरुस्त करायला दोन वर्षांहून जास्त लागली.

आम्ही ऑन्टारियोत राहतो. एअर अ‍ॅम्ब्युलन्सने नेलं तर बिल येतं का?

तुमच्याकडे वैध ओहिप (प्रांताचा सरकारी आरोग्य विमा) कार्ड असेल आणि डॉक्टरांच्या मते रुग्णवाहिका वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक होती, तर रुग्णाच्या वाट्याला साधारण ४५ डॉलर येतात. आवश्यक नव्हती असं ठरलं तर २४० डॉलरपर्यंत बिल येऊ शकतं. ते पत्राने घरी येतं, त्यामुळे हेलिकॉप्टरच्या दारात कोणी पैसे मागत नाही. हेलिकॉप्टर पाठवायचं की गाडी, हे रुग्णाचे नातेवाईक ठरवत नाहीत. ९११ ला फोन करायचा, बाकीचं तिकडे ठरतं.

आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांचं काय?

त्यांना ओहिप नसतं, म्हणून ४५ डॉलरची सवलतही नाही. सुपर व्हिसावर (कॅनडात स्थायिक मुलांच्या आई-वडिलांसाठीचा दीर्घ मुदतीचा व्हिसा) येणाऱ्यांना किमान १ लाख डॉलरचा, एक वर्षाचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. साध्या व्हिजिटर व्हिसावर तशी सक्ती नसल्याने बरेच जण तो टाळतात. टाळू नये. टोरोंटोच्या उत्तरेला मस्कोका किंवा अल्गोनक्विनला कॉटेज घेऊन चार दिवस जाणार असाल तर पॉलिसीत 'आपत्कालीन हवाई वाहतूक' हे कलम आहे का, त्याची मर्यादा किती आणि आधी फोन करून मंजुरी घ्यावी लागते का, हे निघण्याआधी वाचा. पॉलिसी क्रमांक आणि विमा कंपनीचा चोवीस तासांचा फोन नंबर आईच्या पर्समध्ये कागदावर लिहून ठेवा. तिकडे बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब लपवून पॉलिसी घेतली असेल, तर दावा तिथेच अडकतो.